बायोप्रिंटेड त्वचा जखमेवर वापरायची म्हणजे नेमकं काय काय करायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. बायोप्रिंटेड स्किन, म्हणजे जिवंत पेशी घातलेली शाई प्रिंटरने थराथरांत टाकून बनवलेली त्वचा, म्हटलं की सगळे प्रिंटरबद्दलच विचारतात, कुठला घ्यायचा, नोझल किती बारीक लागतं, बायोइंक (तीच शाई) कुठली चांगली, आणि ज्या जखमेवर हे सगळं जाऊन बसणार आहे तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. प्रिंट केलेला तुकडा धरणार की तिसऱ्या दिवशी चिकट पाणी होऊन ड्रेसिंगबरोबर सुटून येणार, हे बऱ्यापैकी जखमेच्या बेडवर, म्हणजे तिच्या तळाच्या टिश्यूवर, ठरतं, मशीनवर नाही. म्हणून मी इथे क्रम मुद्दाम उलटा लावलाय, आधी जखम, मग पेशी, मग शाई, आणि प्रिंटर जमेल तेवढा उशिरा.

आणि हो, हे घरी करून बघायचं काम नाहीये हे वेगळं सांगायला नको. टिश्यू कल्चर लॅबमध्ये किंवा वूंड केअर टीममध्ये नवीन आलेल्यांसाठी, आणि ज्यांच्या घरच्या माणसाला अशा ट्रायलमध्ये घेऊ का असं डॉक्टरांनी विचारलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आज हातात काय आहे

लॅबमध्ये वाढवलेली त्वचा आणि प्रिंट केलेली त्वचा, यात कायम गल्लत होते. पहिली गोष्ट जुनी आहे. १९७५ मध्ये राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी माणसाच्या केराटिनोसाइट्स, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या मुख्य पेशी, डिशमध्ये पुन्हापुन्हा वाढवून दाखवल्या आणि ऐंशीच्या दशकात भाजलेल्या पेशंट्सवर अशा पेशींचे पातळ पापुद्रे लावलेही गेले. नंतर अमेरिकेत अशी तयार उत्पादनं आली, एपिसेल, १९९८ मध्ये अ‍ॅप्लिग्राफ, २०२१ मध्ये स्ट्रॅटाग्राफ, सगळी जिवंत पेशींची, पण यातलं एकही प्रिंटरमधून निघालेलं नाही.

प्रिंटिंगचं काम त्यामानाने ताजं. माद्रिदच्या टीमने २०१७ च्या सुमारास १०० चौरस सेंटिमीटर त्वचा ३५ मिनिटांच्या आत प्रिंट केली, आणि गंमत म्हणजे त्यातली ३० मिनिटं नुसती जेल घट्ट व्हायला लागली, प्रत्यक्ष प्रिंटिंग काही मिनिटांचं. टोरांटोत २०१८ मध्ये एक किलोपेक्षा हलका, हातात धरून जखमेवर फिरवायचा प्रिंटर दाखवला गेला. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०१९ मध्ये जखम स्कॅन करून थेट तिच्यावरच थर टाकणारं मशीन उंदरांवर आणि डुकरांवर वापरलं, आणि २०२३ मध्ये त्यांनीच सहा प्रकारच्या मानवी पेशी घालून तीन थरांची त्वचा प्रिंट केली, तीही प्राण्यांवरच लावून बघितली. माणसांवरचं काम सुरू झालंय पण ते छोट्या ट्रायल्सच्या पातळीवर. दक्षिण कोरियात डायबेटिक पायाच्या जखमांसाठी पेशंटचीच चरबी काढून, बारीक करून, जखमेच्या आकाराचा पॅच प्रिंट करतात, पण ती खरं म्हणजे त्वचा नव्हे, चरबीच्या टिश्यूचा पॅच आहे. तेव्हा कोणी "आमच्याकडे प्रिंटेड स्किन आहे" म्हणालं की पहिला प्रश्न हाच, त्यात जिवंत पेशी आहेत का, कोणाच्या, आणि किती थर.

कुठल्या जखमेला लावायची आणि कुठल्या नाही

वरवरचं भाजलेलं दोन आठवड्यांत आपलं आपण भरून येतं, तिथे हात लावायची गरज नाही. तीन आठवड्यांत भरणार नाही असं दिसतंय तिथे ग्राफ्टचा, म्हणजे त्वचेचा थर आणून लावण्याचा, विचार सुरू होतो, कारण त्यापुढे जखम जितकी रेंगाळेल तितका व्रण जाड आणि ताठ होत जातो. आणि ग्राफ्ट म्हटलं की पहिली पसंती आजही पेशंटची स्वतःचीच त्वचा, डरमॅटोमने (त्वचेचा थर सोलून काढायचं यंत्र) मांडीवरून वगैरे ०.२ ते ०.४ मिलिमीटरचा पातळ थर काढायचा, मेश करायचा, म्हणजे चिरा पाडून जाळीसारखा पसरवायचा, लावायचा. हे स्वस्त आहे, लगेच होतं आणि धरतं. तळहाताएवढ्या जखमेसाठी प्रिंटिंगचा घाट घालणं म्हणजे माझ्या मते निव्वळ हौस आहे.

प्रिंटिंगला खरा अर्थ येतो तो अंगाचा मोठा भाग पूर्ण खोलवर जळालेला असतो तिथे, कारण काढायला चांगली त्वचाच उरलेली नसते. दुसरी जागा म्हणजे महिनोन्महिने न भरणाऱ्या जखमा, डायबेटिक फूट, व्हेनस अल्सर (शिरांच्या बिघाडामुळे पायावर होणारी जखम). पण इथे एक मोठी मेख आहे. या जखमा त्वचा नाही म्हणून राहिलेल्या नसतात, खाली काहीतरी बिघडलंय म्हणून राहिलेल्या असतात, रक्त पोचत नाहीये, शिरांमध्ये प्रेशर साठतंय, पाय बधिर असल्याने पेशंट त्याच जागेवर भार टाकत चालतोय. ते न सुधारता वर कितीही भारी टिश्यू लावा, तोही त्याच कारणाने मरणार. डायबेटिक फूटमध्ये तर साधी चांगली ट्रीटमेंट, म्हणजे भार काढणं, साफसफाई, इन्फेक्शन आणि शुगर कंट्रोल, चार आठवडे नीट करून बघायची आणि जखमेचं क्षेत्रफळ निम्म्याच्या आसपास तरी कमी होतंय का ते मोजायचं. होत असेल तर तेच चालू ठेवा. होत नसेल तर पुढच्या गोष्टी.

सरळ नाही म्हणायचे प्रसंग पण आहेत. उघडं हाड किंवा टेंडन आहे आणि त्यावरचं आवरण गेलंय, तिथे रक्तपुरवठाच नाही, ग्राफ्ट कुठलाही असो धरत नाही, फ्लॅप, म्हणजे स्वतःच्या रक्तपुरवठ्यासकट आणलेला टिश्यू, लागतो. आणि वर्षानुवर्षं न भरलेली जखम असेल, कडा उचललेल्या, जाड झालेल्या असतील, तर आधी बायोप्सी, कारण अशा जुन्या जखमेत कॅन्सर होऊ शकतो आणि वाढीचे सिग्नल सोडणाऱ्या जिवंत पेशी त्यावर नेऊन ठेवणं ही भयंकर चूक ठरेल.

बेड तयार करणं

हा भाग कंटाळवाणा वाटतो, फोटोत येत नाही, त्याच्यावर पेपरही फारसे कोणाला लिहायचे नसतात, आणि सगळा खेळ इथेच आहे.

मेलेलं टिश्यू काढायचं, पिवळा चिकट स्लफ, काळी खपली, सगळं, अगदी खाली बारीक बारीक ठिपक्यांतून रक्त यायला लागेपर्यंत. ते ठिपके दिसले की समजायचं जिवंत पातळीला पोचलो. चांगला बेड लालबुंद, ओलसर आणि दाणेदार दिसतो, यालाच ग्रॅन्युलेशन म्हणतात. फिकट गुलाबी आणि चकचकीत दिसत असेल तर रक्त कमी पडतंय किंवा सूज आहे. गडद लाल, फुगलेला, नुसता गॉज टेकवला तरी भळाभळा रक्त येणारा, तो बहुतेक वेळा इन्फेक्टेड असतो, आणि नवीन माणसं नेमकी त्यालाच "वा, काय मस्त ग्रॅन्युलेशन" म्हणतात. टिश्यूच्या एका ग्रॅममागे एक लाखापेक्षा जास्त बॅक्टेरिया असले की ग्राफ्ट जायची शक्यता फार वाढते, आणि बीटा हिमोलिटिक स्ट्रेप्टोकोकस असेल तर त्याहून कमीसुद्धा पुरतात, म्हणून जखमेचं कल्चर (जंतूंची तपासणी) पाठवल्याशिवाय तारीख ठरवायची नाही.

मग रक्तपुरवठा. पायाची जखम असेल तर घोटा आणि दंड यांच्या ब्लड प्रेशरचं गुणोत्तर काढायचं. ते ०.५ च्या खाली असेल तर आधी रक्तवाहिन्यांचे सर्जन. डायबेटिक पेशंटमध्ये रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा चांगला येऊ शकतो, त्यामुळे तिथे पायाच्या अंगठ्याचं प्रेशर किंवा त्वचेतला ऑक्सिजनही बघतात.

आता एक गोष्ट जी लॅबवाल्यांना माहीत असते आणि वॉर्डात कोणी सांगत नाही. जखमेवर आधी जे जे लावलं जातं, सिल्व्हरचं क्रीम, पोविडोन आयोडिन, हायड्रोजन पेरॉक्साइड, हे बॅक्टेरिया मारतं तसंच कल्चर केलेल्या नाजूक केराटिनोसाइट्सनाही मारतं. डरमॅटोमने काढलेला, त्यामानाने जाड स्प्लिट ग्राफ्ट हे थोडंफार सहन करतो, प्रिंटेड पेशी नाही. त्यामुळे ही औषधं वेळेत बंद करायची आणि लावायच्या आधी नॉर्मल सलाइनने भरपूर धुवायचं. लॅबचा माणूस ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) असेल तर त्याने आधी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर काय काय ठेवलंय ते बघून घ्यावं, थोडं आगाऊ वाटेल पण बघावं.

आणि रक्तस्राव थांबवणं, याच्याकडे खूप दुर्लक्ष होतं. ग्राफ्टच्या खाली रक्त साठलं की तो बेडपासून उचलला जातो आणि पहिले दोन दिवस तो फक्त बेडमधून झिरपणाऱ्या द्रवावरच जगत असतो, त्यामुळे मध्ये रक्ताची गाठ आली की उपाशी मरतो. अ‍ॅड्रेनॅलिनमध्ये भिजवलेला गॉज दाबून धरायचा, घाई करायची नाही, काढून बघायचं, परत दाबायचं.

पेशंटच्या बाजूनेही तयारी लागते. प्रोटीन रोज वजनाच्या किलोमागे साधारण १.२५ ते १.५ ग्रॅम, मोठ्या बर्नमध्ये त्याहून जास्त, हां, किडनीचा त्रास असेल तर डॉक्टर ठरवतील. आणि सिगरेट पूर्ण बंद, निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, यात "एखादीच" वगैरे काही नसतं.

पेशी कोणाच्या आणि किती दिवसांत

दोन रस्ते. पेशंटच्या स्वतःच्या पेशी, किंवा दुसऱ्या कोणाच्या तरी, दात्याच्या. दात्याच्या पेशी आधीच वाढवून ठेवता येतात, लगेच मिळतात, पण शरीर त्यांना कायम ठेवत नाही, काही आठवड्यांत त्या नाहीशा होतात आणि तोवर ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीचे सिग्नल, सोडत जखमेच्या स्वतःच्या कडा पुढे सरकायला मदत करतात. म्हणजे तो एक जिवंत ड्रेसिंग झाला. क्रॉनिक अल्सरला तेवढंही पुष्कळ असतं. अर्धं अंग जळालेल्या माणसाला पुरत नाही, त्याला स्वतःच्याच पेशी हव्यात.

स्वतःच्या पेशींसाठी चांगल्या त्वचेचा छोटा तुकडा घेतात, डिस्पेज एन्झाइममध्ये ४ अंशावर रात्रभर ठेवतात, आणि सकाळी चिमट्याने वरचा थर ओल्या पाकिटावरचं तिकीट सुटावं तसा अलगद सुटून येतो. वरच्या थरातून ट्रिप्सिनने केराटिनोसाइट्स मोकळ्या करायच्या, खालच्या डर्मिसमधून, म्हणजे त्वचेच्या आतल्या थरातून, कोलॅजिनेजने फायब्रोब्लास्ट, म्हणजे त्या थरातल्या मुख्य पेशी. फायब्रोब्लास्ट गुणी असतात, कशाही वाढतात. केराटिनोसाइट्सचे नखरे फार, जास्त वेळा पॅसेज केल्या, म्हणजे एका डिशमधून दुसरीत हलवल्या, की म्हाताऱ्या होतात, डिश पूर्ण भरू दिली की तिथल्या तिथे मॅच्युअर होऊन वाढायच्या थांबतात, म्हणून डिश गच्च भरायच्या आधीच हलवायच्या. आणि काहीही पेशंटवर जायच्या आधी स्टेरिलिटी, मायकोप्लाझ्मा, एंडोटॉक्सिन या जंतू आणि त्यांच्या विषाच्या टेस्ट झाल्याच पाहिजेत, त्यांचे रिपोर्ट यायला लागणारा वेळ धरूनच शेड्यूल करायचं.

हे सगळं होईपर्यंत दोन ते तीन आठवडे जातात आणि मोठ्या बर्नचा पेशंट तेवढा वेळ उघड्या जखमेवर काढू शकत नाही. म्हणून मधल्या काळात जळालेलं काढून तात्पुरतं झाकतात, दान केलेली त्वचा किंवा इंटेग्रासारखा कृत्रिम डर्मिस वापरून. हे झाकण चांगलं बसलं असेल तर खाली नवीन डर्मिससारखा थर आयता तयार मिळतो, आणि प्रिंटेड टिश्यूला त्याच्यासारखा बेड नाही. वेळ वाचवायचा दुसरा मार्ग म्हणजे पेशी वाढवायच्याच नाहीत, ओटीतच सुट्या करून फवारायच्या. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं रिसेल तेच करतं, अर्ध्या तासाच्या आसपास काम, आणि घेतलेल्या तुकड्याच्या ८० पटीपर्यंत जागा झाकता येते. प्रिंटिंगवाल्यांनी हा प्रतिस्पर्धी नीट समजून घ्यावा, आपलं टिश्यू याच्यापेक्षा नक्की काय जास्त देणार याचं उत्तर तयार पाहिजे.

शाई

बायोइंककडून दोन उलट्या गोष्टी हव्या असतात. नोझलमधून बाहेर आल्यावर तिने आकार धरावा, आणि आत असताना पेशींना चेंगरू नये. घट्ट केली की आकार मस्त येतो पण नोझलमधून ढकलायला जास्त प्रेशर लागतं आणि त्या घर्षणात पेशी फुटतात. पातळ केली की पेशी खुश, पण सगळं पसरतं.

त्वचेसाठी बहुतेक वेळा कोलॅजेन, फायब्रिन, जिलेटिन किंवा त्यांची मिश्रणं असतात. कोलॅजेन थंड असताना पातळ आणि ३७ अंशाला जेल, म्हणून सिरिंज थंड ठेवावी लागते आणि पीएच न्यूट्रल केल्यावर गप्पा मारत बसलात तर सिरिंजमध्येच जमतं. फायब्रिन म्हणजे रक्त गोठतं तीच पद्धत, फायब्रिनोजेनला थ्रॉम्बिन भेटलं की जाळं तयार. माद्रिदवाल्यांनी माणसाचा प्लाझ्मा वापरला आणि त्यात कॅल्शियम क्लोराइड घातलं, कॅल्शियम मिळालं की प्लाझ्मा स्वतःच गोठायला लागतो. जखमेत शरीर पहिल्यांदा हेच जाळं विणतं, त्यामुळे मला स्वतःला फायब्रिनवाली शाई जास्त पटते, फक्त ती लवकर विरघळते हे लक्षात ठेवायचं. अल्जिनेट स्वस्त, कॅल्शियमने पटकन घट्ट होतं, पण आपल्या पेशींना त्याला चिकटायला जागाच नसते, त्यामुळे नुसतं अल्जिनेट घेऊन त्वचा करायला जाऊ नका, जिलेटिन किंवा कोलॅजेन मिसळा.

शाई बरोबर जमली का हे बघायची साधी टेस्ट आहे. नोझल हवेत धरायचं, हळूहळू प्रेशर वाढवायचं आणि टोकाकडे बघत राहायचं. गोल थेंब लटकला आणि टपकन पडला तर शाई पातळ आहे. सलग गुळगुळीत तार खाली उतरली तर बरोबर. तार खडबडीत, मध्येच तुटत, गाठी गाठी घेऊन आली तर ती आतच जास्त जमलीय आणि तशीच दाबत राहिलात तर पेशींचा चुरा होणार. पेशी महाग असतात म्हणून ही टेस्ट आधी बिनपेशींच्या शाईने करायची. बुडबुडे पण तेव्हाच बघायचे, एक बुडबुडा म्हणजे प्रिंटमध्ये एक भोक.

प्रिंट

दोन पद्धती. लॅबमध्ये प्रिंट करून, वाढवून मग नेऊन लावायचं, किंवा थेट जखमेवर.

लॅबवाल्या पद्धतीत आधी डर्मिसचा थर, फायब्रोब्लास्ट घातलेला, तो जरा स्थिरावला की वर केराटिनोसाइट्स. काही दिवस सगळं मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, बुडवून ठेवायचं, मग वरची बाजू हवेत उघडी राहील आणि खालून मीडिया मिळेल असं उचलायचं, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, साधारण एक ते दोन आठवडे, कधी थोडं जास्त. हवा लागल्यावरच केराटिनोसाइट्सना कळतं की आपण वरचा थर आहोत आणि त्या थर रचून वर ती कडक, पाणी अडवणारी सालपटं बनवतात. ही पायरी घाईत उरकली की टिश्यू दिसायला ठीक पण बॅरियर म्हणून निकामी. आणि एक लक्षात ठेवा, फायब्रोब्लास्ट कोलॅजेनला ओढून आकसवतात, त्यामुळे जखमेच्या मापाचं प्रिंट केलं तर लावायच्या दिवशी ते कमी पडतं. कडा अडकवून ठेवायच्या किंवा मुळातच मोठं करायचं.

जाड करायचा मोह आवरायचा. टिश्यूत रक्तवाहिन्या नाहीत, ऑक्सिजन नुसता झिरपून १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच नीट पोचतो, त्याच्या पलीकडच्या पेशी बेडमधून वाहिन्या येईपर्यंत तग धरत नाहीत. रक्तवाहिन्यांच्या पेशी घालून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न चाललाय आणि प्राण्यांमध्ये त्याचा फायदा दिसलाय, पण तोवर पातळ ते चांगलं.

थेट जखमेवर प्रिंट करताना मॅच्युअर करायचं काम शरीरावरच सोडलेलं असतं. आधी स्कॅन, कुठे किती खोल त्याचा नकाशा, मग खोल भागात डर्मिसची शाई जास्त आणि वर केराटिनोसाइट्स. अडचण अशी की माणूस टेबलावर सपाट प्लेटसारखा पडलेला नसतो. छाती श्वासाबरोबर वरखाली होते, मांडीच्या उतारावरून शाई ओघळते, खाली ओल असते. म्हणून शाई टेकल्या टेकल्या घट्ट झाली पाहिजे, आणि उताराची जागा शक्य तितकी आडवी येईल अशी पेशंटची पोझिशन भूल दिल्यावर लगेच सर्जनशी बोलून ठरवायची. नंतर हलवता येत नाही.

कुठल्याही पद्धतीत शेवटी थोडी शाई त्याच नोझलमधून, त्याच प्रेशरने एका डिशमध्ये काढून लाइव्ह-डेड स्टेन (जिवंत आणि मेलेल्या पेशी वेगळ्या दाखवणारा रंग) करायचा. सिरिंजमध्ये भरताना पेशी किती जिवंत होत्या हा आकडा कोणालाच नकोय, बाहेर पडल्यावर किती उरल्या तो हवाय.

लावणं आणि पहिले पाच दिवस

लॅबमधून आलेला तुकडा फार नाजूक असतो, खालच्या आधारासकट उचलायचा, कुठली बाजू खाली हे लॅबने मार्क करून दिलेलं असतं ते दोघांनी मोठ्याने बोलून कन्फर्म करायचं, कारण उलटा लावला तर गेला. ताणायचा नाही. खाली हवा किंवा पाणी राहिलं तर ओल्या गॉजच्या बोळ्याने मधून कडेकडे हळूच लोटायचं. मोठ्या तुकड्याला बारीक चिरा दिल्या तर खालचा द्रव निघून जातो. वर न चिकटणारं सिलिकॉनचं ड्रेसिंग, त्यावर ओलसर गॉज, आणि मग सगळं जागेवर धरून ठेवणारं काहीतरी, बांधलेला बोळा किंवा सर्जन म्हणतील तर कमी प्रेशरवर व्हॅक्यूम. सांध्याजवळ असेल तर स्प्लिंट हवाच.

मग थांबायचं. ग्राफ्ट पहिला दीड-दोन दिवस बेडच्या द्रवावर जगतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून वाहिन्यांची तोंडं जुळायला लागतात, पाचव्या ते सातव्या दिवसाकडे नवीन वाहिन्या आत शिरतात. या काळात घसरणं हा सगळ्यात मोठा शत्रू, नुसतं खाटेवर पेशंटला वर सरकवताना चादर ओढली तरी ते नाजूक जोड तुटतात. म्हणून वास, ताप, वाढत्या वेदना, ड्रेसिंगमधून हिरवट पाझर यातलं काही नसेल तर पाचव्या दिवसापर्यंत उघडून बघायचं नाही, उत्सुकता कितीही असली तरी. हिरवट आणि गोडसर घाण वास म्हणजे स्यूडोमोनास असण्याची शक्यता, तेव्हा मात्र वाट न बघता लगेच उघडायचं.

उघडल्यावर फिकट गुलाबी, चिकटून बसलेलं दिसलं तर छान. कल्चर केलेला वरचा थर इतका पातळ असतो की काहीच नाही असं वाटून लोक तो पुसून टाकतात, तर कृपया ओल्या गॉजने घासू नका. पेशंटला किंवा नातेवाइकाला बघायचं असेल तर आधी सांगून ठेवा की सुरुवातीला ते त्वचेसारखं दिसत नाही.

पुढचे महिने

नवीन वरचा थर आणि खालचा डर्मिस यांना जोडणारे बारीक धागे पक्के व्हायला महिने जातात, कल्चर केलेल्या थरांत तर वर्ष किंवा जास्त, तोवर जरा घासलं की फोड येतात. कपडे मऊ, शिवण आतल्या बाजूला न येणारे. घामाच्या ग्रंथी नाहीत, तेलाच्या नाहीत, केस नाहीत, त्यामुळे दिवसातून अनेकदा मॉइश्चरायझर, आणि मोठा भाग असेल तर गरमीत अंग थंड ठेवायची वेगळी काळजी, कारण तेवढ्या भागातून घाम येणारच नाही. मेलॅनोसाइट्स, म्हणजे रंग देणाऱ्या पेशी, घातल्या नसतील तर रंग जुळत नाही आणि ऊन लगेच भाजतं. प्रेशर गारमेंट सांगितले असतील तर ते दिवसाचे जवळजवळ २३ तास घालायचे असतात, त्रासदायक आहे, मान्य, पण फिजिओथेरपी आणि हे दोन्ही सोडलं की सांधे आखडतात. खाज भयंकर सुटते, ती सहन करत बसू नका, औषधं आहेत, सांगा.

ट्रायलमध्ये जायचं असेल तर

विचारा की ट्रायल रजिस्टर झालीय का आणि नंबर काय, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, पेशी कोणाच्या, आणि बनवताना प्राण्यांचं काय वापरलंय. हा शेवटचा प्रश्न बरेच जण विचारत नाहीत, पण कोलॅजेन गाईचं किंवा डुकराचं असू शकतं, पेशी वाढवायला उंदराच्या पेशी वापरलेल्या असू शकतात, एपिसेल त्यामुळेच अमेरिकेत झेनोट्रान्सप्लांटमध्ये (प्राण्यांच्या पेशींशी संबंध आलेलं प्रत्यारोपण) धरतात, आणि अ‍ॅलर्जी असो की श्रद्धा, हे आधी कळण्याचा तुमचा हक्क आहे. फॉलोअप किती वर्षं हे विचारा, कारण वाढवलेल्या पेशींच्या ग्राफ्टवर पुढे स्क्वेमस सेल कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत, कमी आहेत पण आहेत, म्हणून वर्षातून एकदा तरी ती जागा दाखवत राहावी लागते. नाही धरलं तर पुढे काय, स्वतःच्या ग्राफ्टसाठी जागा राखून ठेवलीय का, हे ऑपरेशनच्या आधी लिहून घ्या.

प्रयोगाच्या ट्रीटमेंटसाठी मोठी रक्कम आगाऊ मागणारे, "स्टेम सेल" हा शब्द प्रत्येक वाक्यात घालणारे, शंभर टक्के गॅरंटी देणारे, यांच्याकडून उठून यायचं. संमतीपत्र घरी आणून वाचायला देत नसतील तरीही.

आणि फोटो काढत राहा, रोज नको, ड्रेसिंगच्या दिवशी, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून, त्याच उजेडात, त्याच अंतरावरून. टीम बदलते, डॉक्टर बदलतात, फाइल सापडत नाही, तेव्हा मागच्या महिन्यात जखम केवढी होती हे दाखवायला ते फोटोच कामाला येतात.